चव बघण्याला रकाना नाही

कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. सत्तावीस वर्षं रोज दोनशे चाळीस माणसांचं जेवण, आणि कुणाची नावं ठेवायची टाप नाही! पण डोळ्यांनी घात केला. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला, दुसराही त्याच वाटेवर. वर साखर अशी चढलेली, की डॉक्टरांनी साफ सांगितलं, "साखर उतरल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही."

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मोबाइलवर एक वेबसाइट उघडून दिली. "सात दिवस जे खाल ते इथे भरा. पूर्ण भरलंत तरच पुढचं."

"अहो, मी खातेच कुठे?" मावशी म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. दुपारी कधी बसून जेवल्या असतील तर शपथ.

संध्याकाळी सुनेला शेजारी घेऊन त्या भरायला बसल्या. दुपारचा रकाना रिकामा ठेवला, तर पुढे जायचं बटण दबेचना. वर लाल अक्षरं: 'किमान एक पदार्थ निवडा.'

"अगं, पण मी जेवलेच नाही!"

"आई, त्याला काय कळतंय? टाका काहीतरी."

मावशींनी चिडून भात, भाजी, सूप असं दिवसभर रांधलेलं सगळं टाकलं. पुढे संख्येचा चौकोन आला. बोट सवयीने चाललं: दोनशे चाळीस. वेबसाइट गोडीत म्हणाली, 'आज जरा जास्त झालं. उद्या पुन्हा प्रयत्न करू या!' सून हसून हसून आडवी झाली. पण भरलेला दिवस काही केल्या पुसता येईना. सात दिवस पहिल्यापासून मोजायची वेळ आली.

मग सूनच भरू लागली. अर्धी वाटी भात, थोडी भाजी. रोज हिरवी खूण, रोज 'शाब्बास!' आठवड्याने आहारतज्ज्ञ बाई चक्रावल्या. "एवढंसं खाता, मग साखर येते कुठून? गोळ्या वाढवायला लागतील बहुतेक."

वाढीव गोळ्यांचं ऐकून सून भानावर आली. आपणच भरलेल्या खोट्यावर सासूला औषध द्यायचं? दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती कँटीनमध्ये जाऊन उभी राहिली. मावशी पातेल्यात डाव बुडवायच्या, तळहातावर ओतायच्या, फुंकर मारून चाटायच्या. पुन्हा मीठ, पुन्हा डाव. बटाटे, भात, दुधातलं गोड. सुनेने मोजलं, एक्कावन्न वेळा.

"आई, तुम्ही दिवसभर जेवताय!"

"शहाणीच आहेस! चव बघणं म्हणजे काय जेवण असतं?"

सुनेने वेबसाइटवर 'चव' शोधलं. 'चवळी म्हणायचं आहे का?' सगळ्यात लहान माप छोटी वाटी, आणि दिवसाला सहाच नोंदी. मेलं जळो ते यंत्र! तिने सरळ आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावून सगळं खरं सांगितलं. तिकडून सुटकेचा निःश्वास ऐकू आला. "सापडलं! गोळ्या नकोत. चव बघणं बंद करा. सहा आठवड्यांत डोळ्याचं ऑपरेशन होईल."

सुनेने निरोप दिला, तेव्हा मावशींनी मनात हिशेब मांडला. डोळा गेला तर चूल गेली, आणि चव सोडली तरी चूल जायचीच. सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड गच्च मिटून रांधलं. मीठ अंदाजाने घातलं. वाफ नाकात गेली की हात आपोआप डावाकडे वळायचा. त्या तो मागे घ्यायच्या.

जेवणाची घंटा झाली. टेबलांवरची तोंडं त्यांना धुरकट दिसत होती. "मावशी, झकास!" कुणीतरी ओरडलं. "एकदम फर्स्टक्लास!" दुसरा म्हणाला. डोळ्यांचं प्रकरण सगळ्यांच्या कानावर गेलं होतं.

मग खट्खट् ऐकू आलं. आधी एका टेबलावर, मग चारी बाजूंनी. मिठाच्या डब्या आपटत होत्या. इतक्या वर्षांत त्या डब्यांना कुणी हात लावला नव्हता, आतलं मीठ सादळून दगड झालेलं. पोरं बिचारी बेताने आपटत होती, मावशींना कळू नये म्हणून.

कुणी तोंडावर बोललं असतं, तर मावशींनी चार शिव्या हासडल्या असत्या. पण तक्रारीचा चकार शब्द कुणी काढला नाही. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या आत गेल्या आणि उद्याचे बटाटे सोलायला बसल्या. अजून एकेचाळीस दिवस होते.