आईला न विचारता

गांधीबागेतलं कापडाचं दुकान उघडून माझे वडील, रुपराव, अकरा वाजता इस्पितळात आले. साल १९८१. दुसऱ्या दिवशी आईची शस्त्रक्रिया होती. डॉक्टरांनी दोन कागद पुढे केले. एक शस्त्रक्रियेचा. दुसरा, छातीतून काढायच्या गाठीचा तुकडा संशोधनाला देण्याचा. तो मीच आणला होता.

आमच्या प्रयोगशाळेत एका परदेशी बाईच्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या चपट्या बाटल्यांत वाढत होत्या. बाई कधीच वारली होती. तिच्या पेशींवर आम्ही औषधं तपासत असू. इथल्या बायकांच्या पेशी तशा जगतात का, हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, आमच्या सरांना, पाहायचं होतं.

"आईला विचारू या का?" मी म्हटलं.

"तिले काय विचारतं? त्या गाठीचं काय लोणचं घालाचं हाय आपल्याले? ने तुह्या बाटलीत." बाबांनी दोन्ही कागदांवर सही केली. मग हळू आवाजात म्हणाले, "अन् कॅन्सरचं नाव काढू नको. घाबरून जाईन ते. गळू हाय म्हनून सांगतलं मी."

मीही गळूच सांगितलं. मी एम.एस्सी. झालेली होते.

शुद्धीवर आल्यावर आईने पट्टीवरून हात फिरवला.

"चारू, एवढं काहून कापलं वं?"

"पू पसरला होता."

"मंग टाकलं कुठं?"

मी तिच्या तोंडाला पाण्याचा चमचा लावला.

बाटलीतल्या तिच्या पेशी तीन आठवड्यांत मेल्या. नोंदवहीत मी तारीख लिहिली. आई त्यानंतर आठ महिने जगली. मौद्याच्या मावशीला तिने तीनदा निरोप पाठवला : बरी झाली की येतो. बसने तासाभराची वाट, पण गेली नाही. ती बरी होणार नाही, हे घरात तिच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे याला जपणं म्हणतात.

तेरावं झालं आणि मी कामावर गेले. उमरेडची एक बाई, सत्यवती, दाखल झाली होती. तिच्या नवऱ्याने, नत्थूजींनी, कागदासाठी हात पुढे केला.

"द्या, मी करतो सही. तिले काय समजते?"

मी कागद दिला नाही. खाटेजवळ बसले. तिला कॅन्सर आहे हे सांगितलं, आणि गाठीचं आम्ही काय करू तेही.

"तुकडा देल्ल्यानं मी बरी होईन काय?"

"नाही. झाला तर पुढच्या बायकांना उपयोग होईल. कदाचित."

"ऑपरेशन करा. पन तुकडा नाही देत मी." मग नवऱ्याकडे वळून, "अन् पोरीले बोलावून घ्या. आजच."

"अशाने संशोधन व्हायचं कसं?" सर चिडले.

कागदावर नकाराला जागा नव्हती. मी समासात लिहिलं : रुग्णाला विचारलं. ती नाही म्हणाली.