चारशे पावलं

गाडी सुटायला वीस मिनिटं असताना सासूबाईंनी सूनबाईला इंजिनापाशी गाठलं.

"आज त्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही," त्या म्हणाल्या. "इंजिनावरचा शेवटचा दिवस आहे त्यांचा. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

सूनबाईच्या हातात कोळशाचं फावडं होतं आणि बॉयलरमध्ये वाफ चढत होती. अशा वेळी कुणी शपथेवर वाद घालत बसत नाही. "बरं, आई," म्हणून ती मोकळी झाली.

आता शपथेचं असं असतं, की मोडली तर ज्याच्या गळ्याची घेतली त्याच्याच जिवावर बेतते म्हणतात. आणि सोडवायची तर ज्यानं घातली त्यानंच तोंडानं 'सुटली' म्हणावं लागतं. सूनबाईचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण नव्हता म्हणजे नक्की किती नव्हता, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. सासूबाई नवी चप्पल सांभाळत जाऊन पहिल्या डब्यात खिडकीशी बसल्या, तेव्हा तिनं एकदा वळून पाहिलंच.

ही छोटी लाइन तीस वर्षं बंद होती. रुळांमध्ये झाडं उगवली होती आणि ठमीच्या, म्हणजे या इंजिनाच्या, धुराड्यात पक्ष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केले होते. गावातल्या दहा-बारा हौशी माणसांनी संस्था काढली आणि पाच वर्षं खपून गाडी उभी केली. त्यात मामंजी, म्हणजे सूनबाईचे सासरे, सगळ्यांचे गुरू. लाइन बंद होण्याआधी बावीस वर्षं त्यांनी ठमी चालवली होती. वय एकाहत्तर, अंगानं काडीपैलवान, आणि नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. डॉक्टरनं त्यांना या महिन्यापुरताच परवाना दिला होता आणि आज महिन्याचा शेवटचा दिवस होता. म्हणून आजची पहिली फेरी हीच त्यांची शेवटची.

सूनबाई आधी नुसती पितळ घासायला यायची. मग फावडं हातात घेतलं, मग परीक्षा दिली आणि ती ठमीची फायरमन झाली. शेडमध्ये सगळे तिला सूनबाईच म्हणत. तिला घडवलं मामंजींनी. अठरा वर्षांत तिनं त्यांच्यापुढे ब्र काढला नव्हता. गंमत म्हणजे पहिल्याच दिवशी त्यांनी तिला शिकवलं होतं, "इंजिन ड्रायव्हरचं, पाणी फायरमनचं. पाण्यावरून दोघांचं वाजलं, तर फायरमननं ऐकायचं नाही."

दोन गोष्टी मात्र त्या दिवशी नेहमीसारख्या नव्हत्या.

पहिली म्हणजे ठमी उलटी उभी होती. बॉयलरच्या कामासाठी ती लांबच्या कारखान्यात गेली होती. ट्रेलरवरून परत आली तेव्हा क्रेनवाल्यानं तिला रुळांवर ठेवली ती उताराकडे तोंड करून. पूर्वी तिचं धुराडं कायम चढाच्या बाजूला असायचं. आता चढाकडे तिची पाठ होती. इंजिन फिरवायचं चक्र तर केव्हाच भंगारात गेलं होतं. "उलटी काय न्‌ सुलटी काय, रूळ तेच," संस्थेचे कार्यवाह म्हणाले. मामंजीही हसून म्हणाले होते, "मी ठमीला डोळे मिटून चालवीन, तिथं उलट्या-सुलट्याचं काय घेऊन बसलात?"

दुसरी गोष्ट त्याहून लहान. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते एका उभ्या काचेच्या नळीत दिसतं. त्या नळीमागे तिरप्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी असते. नळीत पाणी असलं की पट्टे उलट्या बाजूला झुकलेले दिसतात, नसलं की जसेच्या तसे. पाटी नसेल तर काठोकाठ भरलेली काच आणि ठणठणीत रिकामी काच, दोन्ही सारख्याच दिसतात. ठमीची पाटी कारखान्यात फुटली होती. नवी अजून यायची होती.

गाडी निघाली. सपाटीवर सगळं छान चाललं. लोक हात हलवत होते, मामंजी शिट्टीवर शिट्टी देत होते. चढाच्या पायथ्याशी काच अर्धी होती. सूनबाईनं बॉयलरमध्ये पाणी घेण्यासाठी इंजेक्टरला हात घातला.

"राहू दे," मामंजी म्हणाले. "चढावर काच आपोआप भरते. आता घेतलंस तर पाणी जास्त होईल आणि सिलिंडरमध्ये जाईल."

बावीस वर्षांचा अनुभव बोलत होता. शिवाय शपथ होतीच. तिनं हात मागे घेतला.

चढ सुरू झाला. ठमी धापा टाकायला लागली. मागे पाच डबे, साठ माणसं, पहिल्या डब्यात सासूबाई आणि शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून सूनबाईचा नवरा. तिनं चार फावडी कोळसा टाकला, दार लावलं आणि मान वर केली. काचेत पाण्याची रेघ नव्हती.

"मामंजी, काच."

त्यांनी तिकडे नजर टाकली. "भरली. सांगितलं नव्हतं?"

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. नळी स्वच्छ होती. वर रेघ नाही, खाली रेघ नाही. भरली असेल तर भरली, रिकामी असेल तर रिकामी. अर्ध्या काचेवर निघालो, वीस मिनिटं वाफ खर्च केली, थेंबभर पाणी घेतलं नाही, मग भरली कशी?

भट्टीच्या डोक्यावर तांब्याचा पत्रा असतो आणि त्याच्यावर कायम पाणी असावं लागतं. पाणी हटलं की पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि वाफेच्या शंभर पौंड दाबाखाली फाटतो. मग इंजिनावर कोण होतं याची चौकशी करायला इंजिनावरचं कुणी उरत नाही.

"तपासते," ती म्हणाली.

"हात लावू नकोस! नवी काच आहे, फुटली तर पाहुण्यांसमोर शोभा होईल."

शपथ इथंच मोडली. तिनं काचेचा वरचा कॉक, म्हणजे वाफेची तोटी, बंद केला आणि निचऱ्याचा उघडला. बॉयलरमध्ये पाणी पुरेसं असतं तर तिथून पाण्याची धार लागली असती. चमचाभर पाणी पडलं आणि मग नुसती कोरडी, कर्कश वाफ.

"रिकामी आहे, मामंजी. आग पाडायला हवी."

आग पाडायची म्हणजे जाळीचा दांडा ओढून सगळे निखारे खाली रुळांमध्ये टाकून द्यायचे. गाडी तिथंच मरणार. उद्घाटनाची गाडी, चढाच्या मधोमध, पाहुण्यांसकट.

"वेड लागलंय का?" वाफ सोडायच्या रेग्युलेटरवर मामंजींचा हात घट्ट होता. "माथा समोर दिसतोय. चारशे पावलं राहिली. तिथं सपाटी आहे, पाणी आपोआप काचेत येईल."

खोटं नव्हतं. पाणी बॉयलरमध्ये होतं, फक्त दुसऱ्या टोकाला गेलं होतं. माथ्यावर ठमी आडवी झाली की ते परत येणार होतं.

"येईल," ती म्हणाली. "पण कशावर येईल? तापून लाल झालेल्या पत्र्यावर. तुम्हीच शिकवलंत मला. तापल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की बॉयलर राहत नाही."

"पत्र्यावर पाणी आहे! या चढावर काच भरलेलीच असते. बावीस वर्षं बघतोय मी."

"मामंजी, धुराडं कुठे आहे?"

"काय?"

"ठमीचं धुराडं. कुठल्या बाजूला आहे?"

त्यांनी सवयीनं पुढे पाहिलं. पुढे कोळशाचा डबा होता, त्याच्यापुढे रूळ आणि माथा. मग त्यांनी मान मागे वळवली. धुराडं मागे होतं, उताराच्या बाजूला, आणि त्यांच्याच गाडीच्या पहिल्या डब्यावर धूर सोडत होतं. बावीस वर्षं पाणी भट्टीकडे, काचेच्या बाजूला, धावत यायचं, कारण भट्टी खालच्या अंगाला असायची. आज भट्टी वरच्या अंगाला होती.

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना तिनं पाहिला. त्यांनी रेग्युलेटर बंद केला, ब्रेक लावला. सूनबाईनं दोन्ही हातांनी दांडा ओढला. निखारे घळाघळा खाली पडले, खालून झळ आली आणि ठमीची धाप थांबली. तिनं पायऱ्या उतरून चाकांखाली पाचरी ठोकल्या.

पुढचं सांगायला नको असं आहे, पण सांगितलं पाहिजे. पाहुण्यांना दोन मैल चालत खाली यावं लागलं. कार्यवाह प्रत्येकाची माफी मागत घामाघूम झाले. एक सद्गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "म्हातारं इंजिन, त्याहून म्हातारा ड्रायव्हर आणि बाई फायरमन. चढणार कशी?" लोक हसले. मामंजींनी ऐकलं. सूनबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण मामंजी मान खाली घालून रुळाच्या कडेनं चालत होते. तीही त्यांच्यामागून चालू लागली.

सासूबाईंनीही ऐकलं. नवी चप्पल हातात घेऊन चालता चालता त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, "सगळं पाहिलं मी खिडकीतून वाकून. ते हातानं नको म्हणत होते आणि तू दांडा ओढलास. माझ्या गळ्याची शपथ होती. माझा जीव गेला तरी चालला असता तुला."

"आई, तसं नाही..."

"पुरे."

त्या दिवशी घरात भांड्यांचे आवाज तेवढे झाले. सासूबाईंनी सुनेचं ताट वाढलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. नवऱ्यानं समजावायला तोंड उघडलं आणि आईची नजर पाहून मिटलं. मामंजी भिंतीकडे तोंड करून पडून होते. आपण एका म्हाताऱ्या माणसाचा आयुष्यातला मोठा दिवस मातीत घातला, हे सूनबाईच्या मनातून जाईना. आणि काच रिकामी असली तरी पत्रा खरंच उघडा पडला होता का? की अंगठाभर का होईना पाणी होतं त्याच्यावर? खात्री कुणालाच नव्हती. तिला तर मुळीच नव्हती.

सकाळी मामंजी तिच्याशी न बोलता शेडकडे निघाले, तशी ती मागोमाग गेली. संस्थेच्या छोट्या डिझेल इंजिनानं रात्री ओढून आणलेली ठमी थंड पडली होती. त्यांनी बॅटरी घेतली आणि भट्टीच्या दारातून आत शिरले. काडीपैलवान असल्यामुळे ते अजून त्यात मावत.

तांब्याच्या पत्र्यात, बरोबर डोक्यावर, एक पितळी बूच बसवलेलं असतं. त्याच्या पोटात शिसं भरलेलं असतं. पत्रा उघडा पडून फार तापला की सगळ्यात आधी ते शिसं वितळतं. किती आधी, ते नशिबावर.

"कसं आहे?" तिनं विचारलं.

"आत ये," ते म्हणाले.

ती राखेत गुडघे टेकून आत सरकली. मामंजींनी तिचं बोट धरलं आणि बुचावर टेकवलं. शिसं जागा सोडून खाली आलं होतं. टोकाशी त्याचा थेंब लोंबत थिजला होता. तिनं हलकेच दाबलं तर तो पडायला आलेल्या दातासारखा हलला.

"काल मी चारशे पावलं म्हणालो होतो," मामंजी म्हणाले.

"हो."

"चाळीससुद्धा नव्हती गं, पोरी."

अठरा वर्षांत त्यांनी तिला सूनबाईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. तिथं, त्या काळोख्या भट्टीत, दोघंही राखेनं माखलेली, सूनबाई हुंदके देऊन रडली. तेही रडले असावेत, पण त्यांनी बॅटरी विझवली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी लॉगबुक मागवलं. स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ड्रायव्हरनं काच चुकीची वाचली. फायरमननं आग पाडली, म्हणून सगळे वाचले.' खाली सही केली. कार्यवाह म्हणाले, "अहो, एवढं स्पष्ट कशाला? तांत्रिक बिघाड लिहू." मामंजींनी लॉगबुक मिटलं. मग लांब पान्यानं ते बूच फिरवून काढलं आणि खिशात टाकलं.

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. मामंजींनी बूच त्यांच्या पुढ्यात ताटात ठेवलं.

"हे काय नवीन?"

ते समोर बसले आणि सगळं सांगितलं. धुराडं कुठे होतं, पाणी कुठे गेलं, आपण काय बोललो आणि ती काय बोलली. स्वतःला कुठे झाकलं नाही. शेवटी म्हणाले, "स्फोट झाला असता तर भट्टी फुटून आम्ही दोघं गेलो असतोच. आणि बॉयलर सुटून मागे आला असता. मागे पहिला डबा होता. खिडकीशी तू होतीस."

सासूबाईंनी बूच उचललं. तो लोंबता थेंब अंगठ्यानं चाचपला. सूनबाई दारात उभी होती, अंगावर राख, आत यावं की नाही अशा विचारात.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. काल सकाळनंतर पहिल्यांदाच.

"सुटली," त्या म्हणाल्या. आणि ताट बाजूला सारून तिला बसायला जागा केली.