धर्माजीच्या गाडीला दुसरा पंप

अमृताला आणि तिच्या पाच महिन्यांच्या तेजूला येडगावला सासरी पोचवायचं रविवारी ठरलं, आणि शुक्रवारी सकाळी धर्माजीच्या गाडीने अंगणात पाणी सोडलं. पोरगी बाळंतपणाला माहेरी आल्यापासून गाडी कशी गुणाची वागत होती. नेमकं जायच्या वेळेला तिला अवदसा आठवली.

धर्माजीने बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. ओट्यावरून जानकाबाईने विचारलं, "काय झालं व्हो?"

"काय न्हाई. पाणी पडतंय थोडं."

"थोडं? कोंबड्या पाणी प्यायला जमल्यात तिथं. सावळेराम पावण्यांना फोन करा. त्यांची नवी गाडी हाय, येतील न्यायला."

सावळेराम म्हणजे येडगावचे व्याही. जानकाबाईने हे अगदी सरळ मनाने सुचवलं, पण धर्माजीच्या ते वर्मी लागलं. उभी हयात त्याने घोडेगावला साहेब लोकांची जीप चालवली होती. किती साहेब आले नि गेले. त्यांच्या पोरींना याने शाळेत सोडलं, कॉलेजात सोडलं, लग्नं झाल्यावर सासरीसुद्धा सोडून आला. स्वतःची लेक सासरी निघाली ती मात्र नवरदेवाच्या गाडीतून, आणि तेव्हा हा आचाऱ्याशी उरलेल्या बुंदीवरून हुज्जत घालत होता. ते त्याला फार लागून राहिलं होतं. निवृत्त झाल्यावर ही जुनी पांढरी गाडी घेतली ती त्याच हौसेपायी. एकदा तरी आपल्या लेकीला आपण आपल्या गाडीतून सासरी सोडायचं, आणि आता तर मांडीवर नात होती.

"पावण्यांची गाडी त्यांच्या दारात राहू दे," तो म्हणाला. "माझी लेक मीच पोचवणार."

मग गाडीत घागरभर पाणी ओतत, थांबत थांबत, तो आपल्या महाळुंगे पडवळहून घोडेगावला जलाल मिस्त्रीकडे गेला. जलाल मोठा वाकबगार गडी, पण हाताच्या दुप्पट त्याचं तोंड चालायचं. त्याने इंजिनाला कान लावला, पंपाची पुली बोटाने हलवली, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसा चेहरा केला.

"वॉटर पंप गेला, धर्माजीभाऊ. पाणी इंजिनात फिरवतो त्यो हाच. ह्याचं बेरिंग खल्लास."

"नवा टाक."

"कुठनं टाकू? कंपनीनं ही गाडी बनवायची सोडली त्याला जमाना झाला. नारायणगाव, मंचर, जुन्नर, कुठंबी मिळायचा न्हाई."

धर्माजीचा चेहरा पडला. तो बघून जलालच्या अंगात वारं शिरलं. "पण मग मी कशाला हाय? दुसऱ्या गाडीचा जमवू की!"

हे 'जमवू की' आपल्या तालुक्यातलं फार जबरदस्त प्रकरण आहे. त्याच्यावर मोटारी चालतात, संसार चालतात आणि कचेऱ्याही चालतात. जलालने भंगाराच्या ढिगातून भलत्याच गाडीचा एक पंप उकरून काढला आणि दोघेही कामाला भिडले. चारांपैकी तीन भोकं बरोबर जुळली, चौथं कानसीने रेटून जुळवलं. जुनी पुली काढून नव्यावर चढवली. रबरी पाइपाचं तोंड मोठं पडत होतं, तिथे धर्माजीने घरून ठिबकच्या नळीचा जोड आणून क्लिपा आवळल्या. पॅकिंगला जाड कागद हवा होता. जलालने खिळ्याला अडकवलेली एक सोनेरी लग्नपत्रिका काढली, कात्रीने वर्तुळं कापली, आणि कोणाचे तरी 'आपले विनम्र' कायमचे इंजिनात गेले.

शनिवारी संध्याकाळी गाडी चालू केली. एक थेंब गळेल तर शपथ. जागेवर उभी ठेवून पुष्कळ वेळ इंजिन चालवलं, तरी तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या वर सरकेना. जलालने तिच्या बॉनेटवर थाप मारली.

"येडगाव काय घेऊन बसलात? दिल्लीला न्या!"

रविवारी सकाळी पाळणा टपावर बांधला. डिकीत बाळंतविडा, डिंकाचे लाडू आणि पापडांचा डबा. मागे अमृता तेजूला घेऊन बसली, पुढे जानकाबाई. धर्माजीने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाव सुटेपर्यंत त्याने उगाचच चार वेळा हॉर्न वाजवला, म्हणजे कोण चाललंय ते लोकांना कळावं.

कळंबच्या अलीकडे चढ लागला, काटा लाल रेषेकडे निघाला, आणि बॉनेटमधून वाफेचा असा लोट उठला की समोरचा रस्ताच दिसेनासा झाला.

"आप्पा, धूर!" अमृता ओरडली.

"धूर न्हाई, वाफ हाय," धर्माजी म्हणाला. जणू वाफ असली म्हणजे सगळं ठीकच होतं.

रस्त्याकडेला एक घर होतं, साळुबाई नावाच्या म्हातारीचं. धर्माजी बादली घेऊन पाणी मागायला गेला. साळुबाईने गाडीकडे बघितलं आणि त्याच्यावरच डाफरली, "लेकराला उन्हात बसवलं व्हय? आदी त्याला आत आना, मग पानी!"

इंजिन थंड होईपर्यंत जायचं कुठे? सगळे आत गेले. चहा झाला. तेजूने म्हातारीचं नाक धरलं, म्हातारी पार विरघळली. निघताना तिने पोरीच्या डोक्यावर एक टोपडं चढवलं आणि जानकाबाईच्या ओटीत खोबऱ्याची वाटी घातली. जानकाबाई नको नको म्हणायला लागली.

"असं कसं?" साळुबाई म्हणाली. "लेकरू पयल्यांदा दारात आलंय. मोकळ्या हातानं धाडू?"

रेडिएटर भरून गाडी निघाली. थोडी पळाली, पुन्हा उकळली. पुन्हा एक घर, पुन्हा बादली, पुन्हा "बाळाला आत आणा". पहिल्यांदा उंबऱ्यात आलेल्या बाळाला मोकळ्या हाती पाठवायचं नाही, ही रीत त्या रस्त्यावरच्या एकाही घराला ठाऊक नव्हती असं झालं नाही. कुणी पायलीभर तांदूळ दिले, कुणी टोमॅटोची पाटी. नारायणगावच्या अलीकडे बिबिजान नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने उभ्याउभ्या मशीनवर झबलं शिवून दिलं, आणि एका मळ्यात तर पाय बांधलेली जिवंत कोंबडी मिळाली. ती जानकाबाईच्या पायाशी बसून प्रत्येक खड्ड्याला तक्रार करू लागली. जानकाबाई आता मजेत होती. धर्माजीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. त्यातच व्याह्यांचा फोन आला.

"पावणं, कुठवर आलात? सकाळी निघालात म्हनं."

"आलोच. जरा बाळाला हवापाणी दाखवत निगालोय."

"बाळाला का गाडीला?" असं म्हणून सावळेराम खो खो हसले. महाळुंग्यातून कोणीतरी आतली बातमी फोडली होती.

धर्माजीने दात खाऊन जलालला फोन लावला. "मिस्त्री, उकळतीय गाडी!"

"उकळंल कशी? पंप फिरतोय का?"

"फिरतोय की चांगला."

पलीकडे जलाल गप्प झाला. जलाल गप्प झाला म्हणजे प्रकरण गंभीर, हे धर्माजीला कळत होतं.

"भाऊ, घोटाळा झाला," शेवटी आवाज आला. "ज्या गाडीचा पंप काढला, तिच्यात पट्टा दुसऱ्या अंगानं जातो. तिथं पंप उलटा फिरतो. त्याची पातीबी तशीच वळवल्याली असत्यात. आन् तुमच्या गाडीत फिरतोय सुलटा."

"म्हंजे?"

"म्हंजे पानी फुडं ढकलत न्हाई. आमटीगत नुसतं ढवळतोय."

"अरं मग बसवताना बघितलं न्हाई का?"

"बसवायच्या नादात फिरतो कसा ते बघायचं राह्यलं. पण बसला कसा झकास, ते बोला की! थेंब तरी गळला का?"

थेंब गळला नव्हता हे खरंच होतं, म्हणून धर्माजीला धड शिवीही देता येईना. जलालने शेवटचं बजावलं, "आता चालू करू नका. इंजिनाचं हेड जाईल, मग मलाबी जमवता यायचं न्हाई."

येडगावचा फाटा समोर दिसत होता आणि गाडी बाभळीखाली उभी होती. धर्माजी बॉनेटला टेकून उभा राहिला. सगळी हौस अशी पाण्यात गेली, आणि तीही घरोघर मागून आणलेल्या पाण्यात. त्याला रडायलाच येत होतं, पण कोंबडी बघत होती.

तेवढ्यात व्याह्यांची चकचकीत नवी गाडी समोरून आली. सावळेराम उतरले, वाफाळलेलं बॉनेट बघितलं, टपावरचा पाळणा बघितला, टोमॅटो बघितले. काहीतरी टोमणा त्यांच्या ओठांवर आलाच होता, पण धर्माजीचं तोंड बघून त्यांनी तो गिळला.

"चला, बसा आमच्या गाडीत. हितं कशाला तापत बसायचं? सूनबाई, या."

धर्माजीने मान फिरवली. दार उघडल्याचा आवाज ऐकायची त्याची तयारी नव्हती. पण आवाज आलाच नाही.

"मामा," अमृता खिडकीतून म्हणाली, "मी न्हाई उतरायची. आप्पा मला सोडायला आल्यात. मी ह्याच गाडीतनं येनार."

"अगं पण ती चालत न्हाई!"

"मग थांबते."

सावळेरामांनी सुनेकडे बघितलं, व्याह्याकडे बघितलं. टोपी काढून डोकं खाजवलं. मग आपल्या गाडीची डिकी उघडली आणि जाड दोर काढला.

दोर बांधला, आणि ती वरात निघाली. पुढे व्याह्यांची नवी गाडी, मागे दोराला धर्माजीची जुनी. स्टेअरिंगवर धर्माजी, मागे त्याची लेक. इंजिन बंद असल्याने गाडीत आवाजच नव्हता. तेजू मागे तोंडाने बुडबुडे काढत काहीतरी सांगत होती, आणि अमृता तिला म्हणत होती, "ते बघ धरणाचं पानी. आन् हे बघ, गाडी कोन चालवतंय? आजोबा." धर्माजीने आरशात दोघींकडे बघितलं. पाच महिने घर भरलेलं होतं. उद्या सकाळी कोणाला खेळवायचं? तो असा ऐकत राहिला, आणि पुढची गाडी हळूहळू घुमायला लागली, कण्हायला लागली, आणि शेवटी थांबली.

सावळेराम घाम पुसत मागे आले. "पावणं, सपाट रस्ता हाय, तरी गाडी ओढंना. काय भरलंय काय हिच्यात? ब्रेक बिक न्हाई ना लागलेला?"

"न्हाई व्हो," धर्माजी खिडकीबाहेर बघत म्हणाला. "जुनी गाडी. जड हाय जरा."

सावळेराम डोकं हलवत परत जाऊन बसले. जानकाबाईने खाली बघितलं. इंजिन बंद असलं की ब्रेक फार जड लागतो. धर्माजीने सगळं बळ एकवटून तो खाली दाबून धरला होता, आणि त्याची पोटरी थरथरत होती.

"काडा व्हो पाय," ती हळूच म्हणाली, मागे ऐकू जाणार नाही अशा बेताने. "घर आलं तिचं."

धर्माजीने डोळे पुसले आणि पाय काढला.