मिस्साची पेटी आणि बायडाबाईची किल्ली

“आदळशील, आपटशील, पर उकलू नगंस, पोरी.”

कोल्हापुरात अल्लाउद्दीन मिस्त्रींनी माझ्या कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकल्या, तेव्हा ते मला असं म्हणाले होते. मित्रांनो, त्याला चाळीस वर्षं झाली. मी सागवानी पेटी, कॅथलिक लोकांच्या मिस्साची, म्हणजे फादर वेदीवर चालवतात त्या प्रार्थनाविधीची. प्रार्थनेचा चषक, थाळी, मेणबत्त्या आणि वेदीवर अंथरायचं पांढरं कापड, एवढा संसार माझ्या पोटात.

चर्च असताना पेटी कशाला, असं तुम्ही विचाराल. मोठ्या चर्चला फादर एक, आणि त्याच्या पदराला गावं बारा. हातकणंगल्यापासून थेट आजऱ्यापर्यंत. जिथं फादर राहत नाहीत, त्या गावाला उपकेंद्र म्हणतात. तिथं ते पाळीपाळीनं जायचे आणि जीपमध्ये त्यांच्या पायाशी मी. कधी कुणाच्या सोप्यात मिस्सा व्हायचा, कधी गोठ्याशेजारी. मी उघडले की सोप्याचं देऊळ व्हायचं. पुढं आजऱ्याकडच्या एका गावानं छोटं चॅपल, म्हणजे प्रार्थनाघर, बांधलं आणि मला ठेवूनच घेतलं.

माझी किल्ली बायडाबाईच्या कमरेला असे. फादर नसतील त्या रविवारी प्रार्थना तीच चालवी. कापड धुऊन, वाळवून घडी घालताना ती गुणगुणे,

“कापड वाळतं पेरूच्या फांदीला,
देव गं लेकरू, घेऊ या मांडीला.”

लोक म्हणत, पेटी बघावी तर बायडाबाईच्या हातची. मी मनातून फुगायची.

मग एका पावसाळ्यात पत्र आलं. फादरांना कुठं ठेवायचं ते बिशप ठरवतात. अमुक तारखेला अमुक ठिकाणी रुजू व्हा, एवढंच पत्रात असतं. कारण लिहीत नाहीत. आमचे फादर वसईकडचे, सहा वर्षं इथं येत होते, गावाचा त्यांच्यावर जीव. कारण मिळेना, तेव्हा गावानं ते आपणच घडवलं.

आकाराम हा चॅपलचा पुढारी. मोठ्या चर्चच्या कौन्सिलात गावातर्फे तोच बसे. त्यानं उठवलं की बायडाबाई महिन्यापूर्वी बिशपांकडं गेलती, म्हणजे चहाडी तिचीच. ती गेली होती हे खरं. भाचीचं लग्न हिंदू मुलाशी ठरलेलं, त्याला बिशपांची परवानगी लागते. तो कागद तिनं सगळ्यांपुढं धरला. कुणी हातात घेतला नाही.

“कागद काय दावतीस?” आकाराम म्हणाला. “चहाडी काय कागदावर लिवून देत्यात व्हय? किल्ली ठेव हितं.”

तिनं किल्ली ठेवली.

मिस्सात एक घटका अशी येते, की फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. मग प्रत्येकजण शेजाऱ्याकडं वळून हात जोडतो. त्या रविवारी बायडाबाई हात जोडून डावीकडं वळली. तिची सख्खी जाऊ संयोगिता भिंतीकडं बघू लागली. उजवीकडं वळली, तर बाकावरची माणसं आधीच पुढं सरकलेली. जोडलेले हात घेऊन बाई नुसतीच उभी राहिली. पुढच्या पाळीला तसंच, त्याच्या पुढच्या पाळीलाही तसंच. नंतर ती आत येईनाशी झाली.

माझेही दिवस फिरले. किल्ली आकारामच्या खुंटीला लटकली. कापड ओलंच कोंबलं जाई. अंगाला कुबट वास सुटला आणि तळाला वाळवी लागली. मित्रांनो, वाळवी वरून दिसत नाही, ठोकून बघावी लागते. घरातल्या जुन्या वस्तूला अधूनमधून ऊन दाखवत जा. आणि कुणावर ठपका ठेवण्याआधी खरं काय ते पुरतं विचारत जा. म्हातारीचं एवढं ऐका.

फादरांचा शेवटचा रविवार आला. आकारामनं मोठ्या हौसेनं त्यांना कोल्हापुरी फेटा बांधला. फादरांनी मला उघडलं, कापड उलगडलं, तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके. बायडाबाई कुठं आहेत, त्यांनी विचारलं. ती दाराबाहेर, चपलांपाशी उभी होती.

“असू द्या की फादर,” आकाराम म्हणाला. “जिनं तुमास्नी हितनं घालवलं, तिचा हात वेदीला कशाला लागाय पायजे?”

माणसांनी माना डोलावल्या. फादरांनी फेटा उतरवून बाकावर ठेवला. डागाळलेलं कापड हातात घेतलं. मग दाराकडं तोंड करून, बाहेर ऐकू जाईल असं बोलले.

“त्यांनी काही केलेलं नाही. बिशपांना पत्र मीच लिहिलं. या लांबच्या फेऱ्यांना मी कंटाळलो होतो. मला इथून न्या, असं मीच विनवलं. तुम्ही ह्यांना शांती देत नव्हता, ते मी वेदीवरून दर वेळी पाहत होतो. बोललो नाही, कारण तुमच्या लेखी मी चांगला होतो, आणि ते मला घालवायचं नव्हतं.”