मूळ प्रतीला हात लावायचा नाही

शनिवारी सकाळी आत्याचा फोन आला. "अगं, कॉम्प्युटर उठत नाहीये. सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही म्हणतोय."

जाऊन पाहिलं तर काळ्या पडद्यावर तेवढंच वाक्य. माझ्या पाचावर धारण बसली. जाड पुस्तकांच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची सूची असते ना, ती आत्या करते. सात महिने ती घड्याळांच्या इतिहासाची सूची जुळवत होती. सोमवारी सूची छापखान्यात जायची होती. कच्च्या चिठ्ठ्या खोक्यात होत्या, पण जुळवलेली सूची फक्त या कॉम्प्युटरमध्ये. दुसरी प्रत ठेव, असं मी दहादा सांगितलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "डिस्क गेली असेल. आणा, सगळं साफ करून नव्याने टाकून देतो." मी वायर काढायला वाकलेसुद्धा.

"थांब," आत्या म्हणाली. तिने चष्मा लावला आणि खुर्ची ओढली. "परवापर्यंत उठत होता. मग मधे काय बदललं?"

बदललं एवढंच होतं, की काल तिने ग्रंथालयाचा पेनड्राइव्ह परत केला होता. महिन्यापूर्वी त्याच्यावरूनच तिने, सूची तशीच ठेवून, जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढून तिच्या जागी स्वतःच्या हाताने लिनक्स बसवलं होतं. तेव्हापासून तो मागे खोचलेलाच होता.

"बसवून झालं की पेनड्राइव्हचं काम संपतं," मी फणकारले. आणि मग माझीच मला शंका आली. "आत्या, बसवताना बूट लोडर कुठे ठेवू, असं कॉम्प्युटरने विचारलं होतं का?"

"विचारलं होतं. पण हा कोण?"

"घरात सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांना उठवणारं माणूस."

"म्हणजे आमची आई. त्याला मी पेनड्राइव्हवर ठेवलं."

"का?"

"का म्हणजे? चाळीस वर्षं हेच करतेय. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, नवं काही असेल ते वेगळ्या चिठ्ठीवर. डिस्क म्हणजे मूळ प्रतच ना?"

मला हसू आवरेना. घराला उठवणारं माणूसच ती ग्रंथालयात जमा करून आली होती.

ग्रंथालयात गेले, तर ग्रंथपालाने पेनड्राइव्ह पुसून पुढच्या माणसासाठी त्यावर पुन्हा लिनक्स भरून ठेवलं होतं. तेही चालणार होतं. त्याच्यावरून कॉम्प्युटर तात्पुरता सुरू केला आणि आतली डिस्क उघडली. 'आस'पासून 'हेलकावा'पर्यंत सूची जागच्या जागी होती. 'लंबक : पाहा, हेलकावा' ही ओळ दिसली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता बूट लोडर डिस्कवर लिहायचा होता. आत्या म्हणाली, मीच लिहिणार. पडद्यावर दोन नावं होती, एसडीए आणि एसडीबी. तिने आधी दोघांची मापं वाचली. मोठी ती डिस्क, छोटा तो पेनड्राइव्ह. मग मी सांगितलं तसा आदेश एकेक अक्षर लावून टाइप केला. एंटरवर बोट नेलं आणि तिथेच थांबली.

"मूळ प्रतीवर लिहायचं?"

"अगदी सुरुवातीला, मोकळ्या जागेत. सूचीला धक्का लागत नाही."

"नक्की?"

खोटं बोलवेना. "नव्वद टक्के," मी म्हटलं.

"मग उरलेल्या दहासाठी आधी सूची दुसरीकडे उतरव."

तासभर ती सूची डोळ्यांसमोर होती आणि मला हे सुचलं नव्हतं. मुकाट्याने पर्समधला माझा पेनड्राइव्ह काढला आणि सूची त्यावर घेतली. कोणाला पालथा घडा म्हणाले होते, ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने एंटर दाबलं. दोन्ही पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. काय सुरू करायचं याची यादी आली, तिच्याखाली पाच सेकंद उलटे मोजले गेले आणि तो उठला. आत्याला आनंद झालाच, पण तिचा पहिला प्रश्न वेगळा होता.

"हे पाच कुठे लिहिलंय?"

मी ती फाइल दाखवली. तिने पाच खोडून तीस केले. "उठल्या उठल्या कोणाच्या मागे लागू नये," म्हणाली.

मी निघाले तेव्हा ती पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवत होती. बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'घाई : पाहा, भाची'.