बिघाडाचा तास

योर्लेनीचं कौतुक कानावर आलं की एवेलिओ किरोस यांच्या पोटात दुखायचं, आणि हल्ली कार्तागोच्या त्या विद्यापीठात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. त्यांचीच विद्यार्थिनी ती. काल शिकवायला लागली आणि आज कारखान्यांना विचारून नवा अभ्यासक्रम आखते आहे! त्यात एवेलिओंचा सर्किटांचा विषय राहणार की जाणार, हे आज दुपारच्या कॉफीला ठरायचं होतं. कॉफीही तिनंच गाळलेली, आणि मेली फक्कड झाली होती.

हृदयाच्या झडपा बनवणाऱ्या कारखान्यातून फ्लोरिबेतबाई आल्या होत्या.

"तुमची पोरं हुशार आहेत हो," करंजीसारखा खमंग एम्पनादा मोडत त्या म्हणाल्या, "पण मशीन बंद पडलं की नुसती आ वासून बघत बसतात. बिघाड शोधायला शिकवा त्यांना. बाकीचं आम्ही शिकवू."

एवेलिओंची छाती फुगली. वर्षानुवर्षं ते हेच तर करत आले होते. सर्किट मुद्दाम बिघडवायचं, पोरांपुढे टाकायचं आणि खिडकीशी उभं राहून त्यांची फजिती बघायची.

"योर्लेनीनं आमच्याकडे तेच केलं," बाई पुढे म्हणाल्या. "बंद मशीनभोवती पोरांना बसवलं आणि आमच्या मेकॅनिकला हातसुद्धा लावू देईना! असा विषय हवा. हिलाच द्या."

एवेलिओंच्या अंगाचा तिळपापड झाला. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणायची! आता ही बया गोड हसून गप्प बसेल. बसू दे. सगळ्यांसमोर तिचं पितळ उघडं पाडायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

"छे हो, ते माझं नाहीच," योर्लेनी एवेलिओंकडे हात दाखवत म्हणाली. "प्रोफेंनी शिकवलंय. रडवलंय आम्हाला अक्षरशः! विषय त्यांनीच घ्यावा. आठवड्यातून एकदा कारखान्यात जावं लागेल, पण मी नेईन की माझ्या गाडीतून."

विभागप्रमुख दिदियेर हसला. "मग काय एवेलिओ, घेतोस ना?"

हो म्हणायचं होतं. सगळा जीव त्या विषयातच अडकला होता. तिनं चोरला असता तर एक वेळ सोसलं असतं. पण तिनं तो ओंजळीत घालावा, वर स्वतःच्या गाडीतून मिरवत न्यावं, हे काही त्यांना सोसेना.

"मी प्राध्यापक आहे," ते ताडकन म्हणाले. "कारखान्यांचे उंबरे झिजवायला मला वेळ नाही."

"बघ हं. पुन्हा विचारणार नाही."

"नाही म्हटलं ना!"

"बरं. मग योर्लेनी, तूच घे."

तिचा चेहरा पडला. ते नाटक नव्हतं, आणि तेच त्यांना बघवेना.

"प्रोफे, निदान पहिल्या तासाला तरी या ना," ती हळूच म्हणाली. "तुमच्याशिवाय मला नाही जमायचं."

"जमेल," एवेलिओ म्हणाले. जमणार होतंच, आणि ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.