मला कुणाला देऊ नका

मी एक सीट आहे. मोटारीत मागे लहान मुलांसाठी बांधतात ना, ती. कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलेली असले तरी दिसायला मी अजून चांगली आहे. म्हणूनच बोलतेय.

दुकानात मला घ्यायला आई-बाबा दोघं आले होते. बाबांची नजर रंगावर. "ही निळी बघ, गाडीला शोभेल."

"गाडी सजवायचीय की पोरगी बसवायचीय?" आई म्हणाली. तिनं मला खाली नेऊन गाडीत बांधलं, दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. मी जागची हलले नाही, तेव्हाच मला घेतलं.

पोरीला सगळे टिल्ली म्हणत. सुरुवातीला ती माझ्यात उलटी बसायची, गाडीच्या पाठीकडे तोंड करून. तिच्या आजोबांना, अण्णांना, ते पटायचं नाही.

"बिचारीला काही दिसत नाही. आमची पोरं मांडीवर बसून मोठी झाली."

"अण्णा, मांडीला पट्टा नसतो," आई हसून म्हणायची.

पट्टे लावून झाले की बाबा खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघायचे. चिमटीत आला तर सैल, निसटला तर ठीक. मग तीच चिमूट टिल्लीच्या गालाला. बाबा विसरले तर ती गाल पुढे करून बसायची. "माझा राहिला." गाल मिळाल्याशिवाय गाडी हलायची नाही.

तिसरं वर्ष सरल्यावर तिला समोर तोंड करून बसवू लागले. त्याच हिवाळ्यात अण्णांनी तिला कोट आणला, जाड, उशीसारखा फुगीर. त्यात ती गोल दिसायची. अण्णा म्हणाले, "आता हिला ढकललं तरी घरंगळत घरी येईल." सगळे हसले.

कोटासकट तिला माझ्यात बसवलं. बाबांनी पट्टे आवळले, चिमटीत धरून बघितले. पट्टा ताठ होता. गालही झाला.

चौकात आडव्या गल्लीतून एक टेम्पो भरधाव आला.

माझे पट्टे तुटले नाहीत. बक्कल सुटलं नाही. मी धरून होते, पण माझ्या हातात कोट होता. धडकेसरशी तो चपटा झाला, पट्टा आणि पोर यांच्यात पोकळी पडली, आणि टिल्ली त्यातून निसटली.

बरेच दिवस मी त्यांच्या गॅरेजमध्ये पडून होते. एकदा बाबा आले. तो कोट त्यांनी माझ्यात ठेवला, वरून पट्टे आवळले आणि तळवा दाबला. कोट दबून चपटा झाला. पट्ट्याखाली त्यांची अख्खी मूठ गेली. मूठ तशीच ठेवून ते उभे राहिले. आई दारातून बघत होती.

पुढे टिल्लीच्या आत्याला दिवस गेले. अण्णा म्हणाले, "सीट तिला देऊन टाका. टिल्लीची वस्तू बाळाच्या अंगाखाली राहील."

"अपघातातली सीट पुन्हा वापरत नाहीत, अण्णा," आई म्हणाली. "आतून तडा गेला असला तर वरून दिसत नाही."

अण्णा माझ्यावरून हात फिरवत राहिले. "पट्टे तर शाबूत आहेत. मग पोरगी सुटली कशी गं?"

आईनं बाबांकडे बघितलं.

"धडकच तशी होती, अण्णा," बाबा म्हणाले. "कशानंच वाचली नसती."

अण्णांनी मान हलवली. कोटाचं त्यांना अजून ठाऊक नाही. या घरात ते कुणी सांगणारही नाही.

त्याच संध्याकाळी बाबांनी कात्री आणली. पट्टा जाड, कात्री चालेना. मग करवतीचं पातं घेतलं. आईनं मला गुडघ्यात धरून ठेवलं.

"इथून काप," ती म्हणाली. "मुळापासून. कुणी शिवून वापरू नये."

म्हणून मी इथे आहे. तुमच्या लेकराला सीटमध्ये बसवताना आधी जाड कोट काढा. पट्टा अंगालगत आवळा, थंडी वाजत असेल तर पांघरूण वरून घाला. रडलं तरी रडू द्या थोडं.

आज सकाळी एक बाई थांबली. पोट पुढे आलेलं, पिशवी हातात. तिनं मला उचललं, उलटंपालटं केलं, सोबतच्या माणसाला म्हणाली, "चांगली आहे की, कुणी टाकली?" मग तिला कापलेले पट्टे दिसले. ती थोडा वेळ त्या टोकांवरून बोट फिरवत राहिली. "चल," म्हणाली, "आपण दुसरी बघू." आणि मला हळूच खाली ठेवलं, झोपलेलं मूल ठेवावं तसं.